डावीकडून दुसरा

“कापसावरच बसा, खानम. खुर्ची नाही आमच्याकडे,” बाबा म्हणाले. आणि गौहर खानम, ऐंशी वर्षांची, शिराझमधल्या सगळ्यांत मोठ्या यहुदी घराची मालकीण, आमच्या अंगणातल्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसली. ढीग तिच्याखाली हळूहळू दबत गेला आणि ती लहान लहान होत गेली.

शुक्रवार होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आठच्या बातम्यांत रेडिओवर सहा नावं वाचून झाली होती, पहाटे गोळ्या घातलेल्यांची. त्यांतलं एक नाव तिच्या मुलाचं होतं. हबीब खान.

“आपल्या यहुदी परिषदेचे लोक येऊन गेले,” ती म्हणाली. “म्हणतात, रविवारपर्यंत थांबा, जरा वातावरण निवळू दे. माझा मुलगा तिथं जमिनीवर पडलाय आणि ह्यांना वातावरण सुचतंय.”

बाबांनी पिंजणाची तात सैल करून ते भिंतीला टेकवून ठेवलं.

“मी बातमी ऐकल्या ऐकल्या तुरुंगाच्या दारावर गेले. बाईच्या ताब्यात देत नाही म्हणाले. सही करायला पुरुष आण म्हणाले. मला दोन पुतणे आहेत, उस्ताद. एकाला आज ताप आलाय. दुसरा फोन उचलत नाही.” तिनं कापसाचा एक पुंजका उचलला आणि बोटांत चुरगाळत राहिली. “सूर्य मावळला की शब्बाथ लागेल. मग उद्या रात्रीपर्यंत काही करता येणार नाही. तोपर्यंत ते त्याला कुठंतरी खड्ड्यात टाकतील. मी कधी तुझ्या घरी आले नव्हते.”

“गल्ली अरुंद आहे, खानम. तुमची मोटार आत येत नाही,” बाबा म्हणाले.

ते खरंच तसं समजून बोलले होते, की तिची लाज झाकायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझे बाबा राहामीम पिंजारी होते. दिवसभर कापूस पिंजायचे, रजया शिवायचे. मोहल्ल्यातल्या कुठल्याही नवरीची रजई त्यांच्या हातची असे. पण आजोबांकडून त्यांना आणखी एक काम आलं होतं, बिनपैशांचं. आमच्यात कुणी पुरुष गेला, की त्याला शेवटची आंघोळ घालून कफन नेसवायचं. लोक गमतीनं म्हणत, “उस्ताद राहामीमकडे माणूस दोनदा जातो. पहिल्यांदा स्वतःच्या पायानं.”

आमच्या शिराझमध्ये माणूस चिडला की समोरच्याला म्हणतो, “मुडदेधुव्या घेऊन जावो तुला!” दूधवाल्यानं पाणी घातलं, बस चुकली, मुलानं पाटी फोडली, सगळ्याला हीच शिवी. लहानपणी मला वाटायचं, सगळं गाव माझ्या बाबांना हाका मारतंय. ती शिवी आहे हे शाळेत कळलं तेव्हा मी त्यांच्या हातचं खायचं बंद केलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. ते माझ्यासाठी अक्रोड फोडायचे, पण गर स्वतः काढायचे नाहीत. फोडून कवचासकट माझ्यापुढं सरकवायचे. पुढं मला दोन स्थळं आली आणि बाबांचं हे काम कळल्यावर परत गेली. तेव्हा मी त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नव्हते. त्या शुक्रवारी मी बावीस वर्षांची होते.

“मुनव्वर,” बाबांनी मला हाक मारली. “खानमना चहा दे. आणि चादर घे डोक्यावर. तुला माझ्याबरोबर यायचंय. तिथं कागद असतील. मला छापील वाचता येत नाही.”

आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. तिचं नाव ताऊस, म्हणजे मोर. आवाजही तसाच. पण गौहर खानमसमोर ती गप्प राहिली. बाबांना बाहीला धरून आत घेऊन गेली आणि दार लोटलं. मी चहा ओतत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“तुम्ही जाणार नाही.”

“कोण जाणार मग?”

“कुणीही जावो. तिथं नाव लिहून घेतात. पत्ता लिहून घेतात. सोमवारी निघायचंय आपल्याला, आहे ना ध्यानात?”

सोमवार आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. माझा भाऊ इसहाक पंचवीस वर्षांचा होता. इराकशी युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला भरतीचा कागद आला होता. आम्हा यहुद्यांना पासपोर्ट मिळणं बंद झालं होतं. म्हणून चौघांनी बसनं जाहेदानला जायचं, तिथून एक बलुची माणूस वाळवंटातून पाकिस्तानात सोडणार होता. आईनं पाच महिने खटपट करून हे जमवलं होतं. इसहाक आठ दिवसांपासून मावशीच्या तळघरात झोपत होता.

“एकदा तुमचं नाव त्यांच्या वहीत गेलं, की तुम्ही गावाबाहेर पाऊल टाकू शकणार नाही,” आई म्हणाली. “आणि कुणासाठी? त्या हबीब खानसाठी? त्याच्या मुलीच्या लग्नात बारा रजया शिवल्यात तुम्ही. आणि जेवायला कुठं बसवलं? मागच्या दाराशी! नवरीला अपशकुन नको म्हणून!”

“जेवण चांगलं होतं,” बाबा म्हणाले.

“थट्टा सुचतेय तुम्हाला!”

“थट्टा नाही, ताऊस. भातात केशर होतं. मला आठवतंय ना. हे बघ. तो चांगला होता की वाईट, ते मला कुणी विचारलेलं नाही. तो मेलाय. मी हेच काम करतो. तू मला आज सांग, की पुढच्या वेळी गरीब माणूस असेल तेव्हा जा. मग मी आज बसतो घरी.”

भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कफनाची गुंडाळी, एक स्वच्छ पांढरी चादर आणि पाण्याची तांब्याची झारी होती.

मशद कुर्बान आमच्या गल्लीच्या तोंडाशी खरबुजं विकायचा. मुसलमान, पण बाबांचा तीस वर्षांचा दोस्त. त्याच्याकडे एक खिळखिळी पिकअप गाडी होती. बाबांनी त्याला काय न्यायचंय ते सांगितलं तेव्हा त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं.

“राहामीम, तुझ्याशी दोस्ती केली तेव्हाच मला कुणीतरी सावध करायला हवं होतं,” तो म्हणाला आणि मागची रिकामी खोकी खाली उतरवायला लागला. “चल. नाहीतरी माझी खरबुजं तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त कटकट करतात.”

त्याचा मुलगा तेव्हा आघाडीवर होता. दर शुक्रवारी तो आंघोळ करून नमाजाला जायचा. त्या दिवशी गेला नाही.

गौहर खानम पुढं बसली. मी आणि बाबा मागं, उघड्यावर. रस्ते रिकामे होते. भिंतींवर घोषणा लिहिलेल्या होत्या, काही ठिकाणी जुन्या घोषणेवर नवी. बाबा झारी मांडीत धरून बसले होते. मी विचारलं, “भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” ते म्हणाले. “तिथं संडास असेल का गं कुठं?”

तुरुंगाच्या दाराशी लोक उभे होते, बहुतेक बायका. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गौहर खानम गाडीतच बसली. आम्हाला एका खोलीत नेलं. टेबलामागं तिशीतला एक माणूस होता, दाढीवाला, जाड चष्म्याचा. लष्करी कोटाचं एक बटण तुटलेलं. कोपऱ्यात एक बंदूकवाला बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

“ह्याचा तू कोण? भाऊ?” चष्मेवाल्यानं मान वर न करता विचारलं.

“कुणी नाही.”

“चुलत, मावस, काही?”

“नाही.”

“धंदा?”

“पिंजारी आहे. रजया शिवतो.”

“मग पिंजाऱ्याचं इथं काय काम?”

“आमच्यात कुणी गेलं की मी त्याला आंघोळ घालतो, भाऊ.”

बंदूकवाला खदखदून हसला. “मुडदेधुव्या आला की रे! लोक नुसती शिवी देतात, हा खरंच घेऊन जायला आलाय!”

चष्मेवाला हसला नाही. त्यानं पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं. मग एक छापील कागद माझ्यापुढं टाकला. “वाचून दाखव तुझ्या बापाला.”

मी वाचलं. प्रेत ताब्यात घेणारा दफनाला जबाबदार राहील. गाडीवान आणि खड्डा खणणारा सोडून तीनपेक्षा जास्त माणसं जमणार नाहीत. मोठ्यानं रडणार नाहीत. थडग्यावर नाव घालणार नाहीत. ताब्यात घेणाऱ्याचा मृताच्या कारवायांशी संबंध नाही याची चौकशी पुरी होईपर्यंत त्यानं गाव सोडायचं नाही, आणि दर शनिवारी इथं येऊन सही करायची.

गाव सोडायचं नाही, इथं माझा आवाज चिरकला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लेखणी घेतली, मग परत खाली ठेवली.

“शनिवारी मी सही करत नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“शनिवारी आम्ही लिहीत नाही. रविवारी येईन.”

बिया फोडायचा आवाज थांबला. चष्मेवाला खुर्चीत मागं रेलला. “म्हाताऱ्या, तू कुठं आलायस ते कळतंय का तुला?”

“कळतंय, भाऊ. म्हणूनच आधी सांगितलं. शनिवारी आलो नाही तर तुम्हाला वाटेल पळाला. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी येईन. हवं तर दोनदा येईन.”

चष्मेवाल्यानं कागद ओढून घेतला, ‘शनिवार’ खोडला आणि वर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. रविवार. बाबांनी सही केली. त्यांना फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं, तेही दोनदा थांबत. खाली पत्ता मी लिहिला. आमच्या घराचा पत्ता इतक्या चांगल्या अक्षरात मी कधीच लिहिला नसेल.

मागच्या व्हरांड्यात सहाजणांना ठेवलं होतं. अंगावर राखाडी घोंगड्या. चष्मेवाल्यानं तिसऱ्या घोंगडीकडे बोट केलं. बाबा खाली बसले, घोंगडी बाजूला केली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी दारात होते. मला फक्त हबीब खानची पावलं दिसत होती. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

“तिकडं पाण्याची नळी आहे,” चष्मेवाला म्हणाला. “धुवायचं असेल तर इथंच उरका. दहा मिनिटं देतो.”

बाबांनी झारी उचलली. मला वाटलं, आता पाणी ओततील. त्यांनी ती भिंतीजवळ दूर नेऊन ठेवली.

“नाही, भाऊ. ह्यांना धुवायचं नाही.”

“का? तुमच्यातही बाटला वाटतं हा?” बंदूकवाला मागून म्हणाला.

“तसं नाही. अंथरुणात मेला त्याला आम्ही धुतो. ज्याला मारलं, त्याला नाही धुवत. तो आहे तसा जातो, अंगावरच्या कपड्यांत, रक्तासकट. वरून फक्त पांढरी चादर.” बाबा हे सांगत होते ते कापसाचा भाव सांगतात तितक्या साधेपणानं. “ते रक्त त्याचं आहे. ते पुसायचा हक्क मला नाही.”

चष्मेवाल्याचा चेहरा बदलला. तो जवळ आला आणि अगदी हळू बोलला. “आमच्यात शहिदाला धुवत नाहीत.”

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“तीन आठवड्यांपूर्वी माझ्या भावाला आणलं आघाडीवरून. आई म्हणत होती, निदान तोंड तरी धुवा रे त्याचं. मौलवींनी धुवू दिलं नाही. आहे तसाच पुरला, बुटांसकट.” त्याचा आवाज एकदम चढला. “म्हणजे तू ह्याला शहीद म्हणतोयस? ह्या हेराला? माझ्या भावाच्या रांगेत बसवतोयस?”

आता आम्हाला सोडत नाहीत, असं मला वाटलं. इसहाक डोळ्यांपुढं आला. आई आली. हात धरून बाबांना ओढत बाहेर न्यावं असं वाटलं.

बाबा तसेच उकिडवे बसून होते. “मी पिंजारी माणूस आहे,” ते म्हणाले. “कुणाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवता, रेडिओवर सांगता. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच शिकवलंय, की ह्याला धुवायचं नाही. तुमच्या भावाला बुटांसकट पुरलं ते बरोबर केलं. आईला सांगा, तोंड धुतलं नाही ते बरं झालं. ज्यानं त्याला घडवलं, त्याला तो तसाच ओळखू येईल.”

बाहेर कुठंतरी नमाजाचा भोंगा सुरू झाला. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

बाबांनी हबीब खानला चादरीत घेतलं. तो धिप्पाड माणूस होता. बंदूकवाला आपणहून पाय धरायला पुढं आला. गाडीत ठेवून झाल्यावर मला वाटलं, संपलं. पण बाबा परत आत वळले आणि भिंतीजवळची झारी उचलली. मी त्यांच्यामागं धावले.

“अजून काय राहिलं?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“माती.”

“कसली माती?”

“ह्यांचं रक्त जिथं सांडलं तिथली. ती पण बरोबर पुरावी लागते, भाऊ. माणूस अर्धा पुरून चालत नाही.”

चष्मेवाला त्यांच्याकडे असा बघत राहिला, की जणू समोर माणूस नाही, दुसरंच काहीतरी उभं आहे. मीही तशीच बघत होते. हे माझे बाबा होते. सकाळी ज्यांच्या दाढीत कापूस अडकलेला मी पाहिला होता आणि सांगायचा कंटाळा केला होता. तो तंतू अजून तिथंच होता.

“तिथं कुणाला नेत नाहीत,” चष्मेवाला म्हणाला. आणि मग चालू लागला. आम्ही त्याच्यामागून गेलो.

मागचं आवार होतं. एक उंच भिंत, तिच्यापुढं मातीनं भरलेल्या गोणी, खाली मोकळी जमीन. चिमण्या होत्या. पाय ठेवायला मला धीर झाला नाही, मी उंबऱ्यावरच थांबले. भिंतीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं.

“फावडं देऊ?”

“नको. हातानं घेतो.” बाबांनी खिशातून रजईच्या अस्तराचं पांढरं फडकं काढलं आणि जमिनीवर अंथरलं. मग त्यांना अडचण आली. जमीन इकडून तिकडे सगळीच काळपट होती.

चष्मेवाला थोडा वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि बोट दाखवलं. “तो इथं होता. डावीकडून दुसरा.”

बाबांनी तिथली माती दोन्ही हातांनी खरवडायला सुरुवात केली. नखांनी. जिथं घट्ट होती तिथं त्यांनी झारीतलं थोडं पाणी घातलं, ती मऊ होऊ दिली आणि उचलली. एकदाही घाई केली नाही.

“पण इथं सहाजण होते,” चष्मेवाला म्हणाला. “एकमेकांना लागून. हे सगळं एकमेकांत गेलंय. हा कर्नल होता, तो शेवटचा विद्यार्थी होता, मुसलमानच. तू कसं ठरवणार कुणाचं कुठलं?”

“नाही ठरवता येणार.”

“मग?”

“मग सगळ्यांचंच नेतो,” बाबा म्हणाले. “त्यांच्यातल्या कुणाची आई आली आणि विचारलं, तर सांगा. यहुद्यांच्या कब्रस्तानात आहे, नीट ठेवलंय म्हणावं.”

फडक्याच्या चार टोकांची गाठ मारून ते उठले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. चष्मेवाल्यानं त्यांच्या कोपराला हात दिला. “सावकाश, काका,” तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर बाबांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं होतं. कुर्बाननं आरशातून पाहिलं आणि मागची काच सरकवून विचारलं, “ते काय?”

“माती.”

कुर्बाननं रस्ताभर गाडी अशी चालवली, की एकही खड्डा लागला नाही. त्या रस्त्यावर खड्ड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

कब्रस्तानात खड्डा खणायला फक्त एक म्हातारा होता. कुर्बाननं कोट काढून त्याच्याबरोबर खणलं. उन्हं उतरायला लागली होती. गौहर खानमला बाबांनी हात धरून जवळ नेलं आणि चादर फक्त तोंडापुरती सोडली. ती वाकली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं हातानं पाहिलं. कपाळ, भुवया, गाल.

“दाढी वाढलीय,” ती म्हणाली. “लहानपणापासून टापटिपीचा. रोज सकाळी गुळगुळीत दाढी.” तिला रडायची परवानगी नव्हती. तिनं डोक्यावरच्या आपल्या चादरीचं टोक तोंडात कोंबलं आणि तशीच उभी राहिली.

बाबांनी त्याला खाली ठेवलं आणि गाठोडं सोडून ती माती त्याच्या अंगावर पसरली, रजईत कापूस पसरतात तशी, सगळीकडे सारखी. मग ते उभे राहिले आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला लागले. ही प्रार्थना दहा यहुदी पुरुष असल्याशिवाय म्हणत नाहीत. तिथं बाबा होते, खणणारा म्हातारा होता, कुर्बान होता आणि आम्ही दोन बायका. बाबांचा आवाज कधीच चांगला नव्हता. पण त्या संध्याकाळी त्या उजाड टेकडीवर तो ऐकताना मला वाटत होतं, खूप माणसं उभी आहेत. मान वळवून बघायचा धीर झाला नाही.

घरी परतताना मी विचारलं, “बाबा, दहाजण कुठं होते?”

“मी मोजलं नाही,” ते म्हणाले. “माणसं मोजू नयेत.”

आम्ही पोचलो तेव्हा आई शब्बाथच्या दिव्यांपुढं काडी हातात धरून थांबली होती. आम्हाला बघून तिनं दिवे लावले. अंगणात आम्ही हात धुतले. बाबांच्या नखांत काळी माती होती, ती निघत नव्हती. आई टॉवेल घेऊन आली.

“नाव घेतलं?”

“घेतलं.”

“पत्ता?”

“पत्ता पण.”

“गाव सोडायचं नाही?”

बाबांनी होकाराची मान हलवली. आईनं त्यांचे हात स्वतःच्या हातात घेऊन पुसले, एकेक बोट. मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. “बसा,” ती म्हणाली. “गोंदी गार होतेय.” रस्स्यातले ते चण्याच्या पिठाचे गोळे तिनं आधी त्यांना वाढले, मग मला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खाल्ला.

जेवण झाल्यावर आईच म्हणाली, “मुलं जातील सोमवारी. मी इथंच राहीन. तुम्हाला साधा चहा तरी करता येतो का?”

बाबा त्यानंतर शिराझच्या बाहेर कधीच गेले नाहीत. दोन वर्षं ते दर रविवारी सही करायला जात होते. फोनवर सगळं बोलता येत नसे. कधी आई म्हणायची, “ह्यांना काल तिकडंच काम निघालं.” मी समजायचे, की बाबांनी पुन्हा कुणालातरी त्या दारातून आणलं. पुढं एका ओळखीच्याकडून कळलं, की ज्याला कुणी न्यायला येत नाही असा कुणी असला, तर चष्मेवाला रविवारच्या सहीच्या कागदाखाली एक चिठ्ठी सरकवायचा. सगळे आमच्यातले नसायचे. मग तो चष्मेवालाही आघाडीवर गेला आणि परत आला नाही. बाबांना हृदयविकार झाला आणि एका वसंतात ते झोपेतच गेले. आईला त्यानंतर पासपोर्ट मिळाला. ती तेलअवीवजवळ माझ्याकडे सहा वर्षं राहिली. सारखी म्हणायची, इथल्या रजया रजया नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

बसच्या थांब्यावर बाबांनी यायचं नाही असं ठरलं होतं. त्यांच्यावर नजर असणार, आणि आमच्याबरोबर ते दिसले तर आमचाही प्रवास तिथंच संपायचा. घरातून निघताना त्यांनी आमच्या डोक्यांवर हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला होता. तेवढाच निरोप.

केरमानवरून जाहेदानला जाणारी बस सुटायला वीस मिनिटं होती. मी आणि इसहाक वेगवेगळ्या बाकांवर बसलो होतो. तेवढ्यात समोर, रस्त्यापलीकडच्या बाकावर बाबा येऊन बसले. इस्त्री केलेला सदरा, डोक्यावर टोपी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरला, दोन काकड्या काढल्या आणि चाकूनं सोलायला लागले. सालीची एक लांब पट्टी निघत होती, न तुटता. पहिली सोलून झाली. दुसरी सोलली. दोन्ही उभ्या चिरल्या, पुडीतलं मीठ लावलं, एकमेकींवर घासून फेस काढला. आम्ही लहान असताना काकडी अशीच सोलून द्यायचे. त्यांनी स्वतः एकही फोड खाल्ली नाही.

बसवाल्यानं हाक दिली. बाबा उठले. काकड्या रुमालासकट बाकावर ठेवल्या, टोपी सारखी केली आणि हात पाठीमागं बांधून मोहल्ल्याच्या दिशेनं चालू लागले. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या फळवाल्याशी थांबून दोन शब्द बोलले आणि वळले.

इसहाकनं रस्ता ओलांडला, कुणाचंतरी विसरलेलं उचलावं तसा तो रुमाल उचलला आणि बसमध्ये चढला. वाटेतलं नेयरीझ गाव मागं पडेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग त्यानं मागच्या सीटवरून हात पुढं केला. आम्ही एकेक फोड खाल्ली. मीठ अगदी बरोबर लागलं होतं.